मंगळावर मुसळधार

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर रोज सकाळी सात वाजता शुक्राची हवा लिहिलेली असते. ‘शुक्र : दिवसभर ढगाळ. आम्लाचा पाऊस, पण जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जाईल. कपडे बाहेर टाकू नयेत.’ त्याखाली मंगळ, गुरू, शनी आणि जागा उरली तर नेपच्यून. टपोरं अक्षर, तेही खडू ओला करून लिहिलेलं. लिहिणारे तिसऱ्या मजल्यावरचे हरिभाऊ राऊत.

फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात सुविचार असतो. तो मी लिहितो.

खरं म्हणजे अख्खा फळा माझा होता. विरार पश्चिमेला ही इमारत उभी राहिली तेव्हापासून मी सेक्रेटरी. हरिभाऊ नंदाखाल गावातली केळीची वाडी भावावर सोपवून इथे आले, आजारी बायकोला दवाखाना जवळ पडावा म्हणून. वहिनी वर्षभरात गेल्या. त्यानंतर एकदा ते खाली येऊन म्हणाले, “सावंतसाहेब, फळ्यावर चार बोटं जागा द्या. ग्रहांची हवा लिहीन म्हणतो.” माणूस दुःखात आहे, लिहू दे चार दिवस, म्हणून मी हो म्हटलं. भटाला दिली ओसरी! महिन्याभरात फळ्याच्या मधोमध रेघ आली.

लोक थांबून थांबून वाचायला लागले. आमची ही दूध घेऊन वर आली की सांगायची, “अहो, युरेनसच्या ढगांना कुजक्या अंड्यांचा वास असतो, माहीत होतं?” मला माहीत होतं! भूगोल घेऊन बी.ए. केलंय मी. हरिभाऊंची शाळा आठवीत सुटली. सकाळी गॅलरीत बसून मोबाइलवर भिंग धरतात, वहीत टिपतात, झाले शास्त्रज्ञ. पण नवऱ्याने सांगितलेलं बायकोला ज्ञान वाटत नाही. माझा एकही सुविचार हिने आजवर मोठ्याने वाचलेला नाही. हरिभाऊंना मात्र दर रविवारी आंबोळ्या. “एकटे असतात हो भावजी.” मी दुकटा असून मला शिळी पोळी.

एक मान्य करायला हवं. खात्री नसेल तर माणूस लिहीत नाही. “नेपच्यूनवर हिऱ्यांचा पाऊस पडतो म्हणतात,” एकदा मला म्हणाले, “पण ‘म्हणतात’ एवढ्यावर मी फळ्यावर नाही घेणार.” आणि कुठल्याही संकटावर त्यांचं एकच औषध, “त्या मानाने आपलं बरं!” एकदा टँकर आला नाही म्हणून सभेत सगळे माझ्यावर तुटून पडले. मी तीन पानी खुलासा घेऊन उभा. तेवढ्यात मागून हरिभाऊ, “शुक्रावर शिसं वितळेल एवढी उष्णता. टँकर आला असता तरी वाफ झाली असती. त्या मानाने आपलं बरं!” सगळे हसले आणि चहाला उठले. माझा खुलासा अजून खिशात आहे.

त्याच सभेत चहा पिता पिता कोणीतरी म्हणालं, “सुविचार काय, मोबाइलवर येतातच. अख्खा फळा राऊतकाकांना देऊन टाका.” हात वर झाले. त्यात बांगड्या भरलेला एक हात ओळखीचा होता. पुढच्या सभेत ठरवू म्हणून मी वेळ मारून नेली, पण रात्रभर जळफळलो. फळा गेला तर माझं राहिलं काय?

सकाळी हरिभाऊ लिहून वर गेले, तसा मी ओलं फडकं घेऊन खाली उतरलो. मंगळाची ओळ पुसली आणि त्यांच्यासारखंच टपोरं अक्षर काढून लिहिलं : ‘मंगळ : मुसळधार पाऊस. छत्री न्यावी.’ धडधडीत खोटं. कोणीतरी चूक पकडेल, राऊतांचं हसं होईल आणि माझा फळा वाचेल, असा हिशेब. पण लोक वाचून म्हणाले, “बरं झालं, तिकडेही पडला.” आणि कामाला गेले.

नऊ वाजता बेल वाजली. दारात हरिभाऊ, हातात भिंग.

“मंगळाचं तुम्ही लिहिलंत,” ते म्हणाले. “‘ळ’ची गाठ तुमची आहे. तुमचे सुविचार रोज वाचतो ना मी.”

माझी मान खाली गेली. ते आत येऊन बसले. ही पाणी घेऊन आली.

“आमची ही वाडीत सुकेळी करायची,” हरिभाऊ म्हणाले. “राजेळी केळी उन्हात वाळवायची म्हणजे ऊन बघायला लागतं. रोज उठली की पहिला प्रश्न, ‘हवा कशी?’ इथे आल्यावर अंथरुणातून विचारायची. सुकेळी राहिली नव्हती, सवय राहिली होती. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत. रोज काय नवीन सांगू? म्हणून मग ग्रहांची हवा सांगायला लागलो. हसायची. शेवटी दरवेळी विचारायची, ‘मंगळावर आज तरी पाऊस?’ मी म्हणायचो, नाही गं, तिथे हवा विरळ, पाऊस पडत नाही. शेवटच्या सकाळीही नाहीच म्हटलं. खरं तेच सांगायचं, ही माझी खोड.”

त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं.

“एकदा हो म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

मी उठलो. “पुसून येतो,” एवढंच म्हणालो.

“नको, नको. आजचा दिवस राहू दे. तिचा पाऊस आहे तो.”

खरं सांगतो, फळ्यापायी वाटला नव्हता एवढा हेवा मला तेव्हा वाटला. हवा कशी, असं रोज सकाळी विचारणारं माणूस त्यांना होतं. मी हिच्याकडे पाहिलं. ही डोळ्यांना पदर लावत होती आणि पाहत त्यांच्याकडे होती.

पुढच्या सभेत अख्खा फळा घ्यायला हरिभाऊंनीच नकार दिला. “मग सुविचार कुठे वाचू?” म्हणाले. त्यांच्या बाजूला मंगळ पुन्हा कोरडा झालाय, विरळ हवेसकट. खोटं ते लिहिणार नाहीत. ते खातं आता माझ्याकडे. सुविचाराखाली मी रोज एक ओळ लिहितो : ‘मंगळावर आजही पाऊस.’

लोक अजून आधी त्यांचीच बाजू वाचतात, आमची हीसुद्धा, आणि मी अजून जळतो. हरिभाऊ मात्र आधी माझी बाजू वाचतात, शेवटच्या ओळीवर भिंग धरून.

काल चांगलं कडक ऊन होतं. ते छत्री घेऊन बाहेर पडले.