बारा उपाशी किडे

"झाकण उघडायचं नाही आणि खायला तर मुळीच घालायचं नाही!" धाकटीने घरात पाऊल टाकताच फर्मान सोडलं आणि डबा ओट्यावर ठेवला.

धाकटी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. प्रयोगशाळेतल्या उन्हाळी संशोधनासाठी तिची निवड झाली आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. डब्यातल्या पाण्यात तिचे बारा चपटे किडे होते. कापले की मुंडक्याला शेपूट फुटतं आणि शेपटाला चक्क नवं मुंडकं! सोमवारी ती ते स्वतःच्या हाताने कापणार होती. पण त्याआधी आठवडाभर ते उपाशी हवेत, नाहीतर कापताना फुटतात. प्रयोगशाळेचा एसी बिघडला म्हणून तिथल्या मॅडमनी डबा दोन दिवस घरी दिला होता. "किडे जेवलेले दिसले, तर प्रयोग दुसऱ्याला देईन," असंही बजावलं होतं.

घोळ केला तो किड्यांच्या डोळ्यांनी. भिंगातून पाहिलं की ते तिरळे डोळे आपल्याकडेच आशेने बघतायत असं वाटायचं.

"आठवडाभर उपाशी? अगं, वैऱ्यालाही कुणी असं ठेवत नाही!" बाबा कळवळले. धाकटी आंघोळीला जाताच त्यांनी उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर आत सोडला. दुपारी आईने सोडला. शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांनीही चिमूटभर सोडून हात धुऊन घेतले.

संध्याकाळी धाकटी किंचाळली. "हे फुगलेत! कुणी घातलं खायला?"

"एकदाच गं," बाबा पुटपुटले.

"अहो, मीपण एकदाच!" आई म्हणाली. पुन्हा डोकावलेल्या काकूंना गॅसवरचं दूध आठवलं.

सोमवारी धाकटी रडवेली होऊन मॅडमपुढे उभी राहिली. मॅडम कडाडल्या, "घरात शिस्त म्हणून नाही! डबा आता माझ्या कपाटात, कुलपात. पुढच्या सोमवारी पोटं रिकामी नसली, तर प्रयोग गेला समज."

तो सोमवार उजाडला. धाकटी जिना धावतच चढली. हातमोजे चढवले, नवं पातं काढलं. तिने भिंगातून पाहिलं. बाराही जण टम्म!

"मॅडम, हे... हे तर जेवलेत!"

टेबलावर मॅडमचा जेवणाचा डबा उघडा होता. त्यात उकडलेलं अंडं होतं, पण बलक गायब.

"रोज बघतात गं तसे आशेने," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग माझा प्रयोग गेला?"

"गेला कसा? तुझाच आहे! पुन्हा उपाशी ठेवू." मॅडमनी किल्ली तिच्या हातात कोंबली. "ही तू ठेव. आणि हे बघ, मी मागितली तरी द्यायची नाही!"