गोड्या पाण्याची कॅन

शनिवारी देवमन नेहमीसारखे दर्यापूरहून जीपनं अमरावतीला लेकीकडे आले. हातात रिकामी कॅन, बोटं त्यांच्या रक्ततपासणीच्या लॅबमधल्या रंगानं जांभळी.

"रागिणी, भर बरं हे. आमच्या खाऱ्या पान्यानं समद्या पेशी निळ्याच दिसतात. लाल कोनती, पांढरी कोनती, समजतच नाही."

"एका कॅनसाठी दर शनवारी हाडं खिळखिळी करता, बाबा!"

"रक्ताचा मामला हाय, बाई."

जेवून, डुलकी काढून, भरलेली कॅन मांडीवर घेऊन ते परतले. रविवारी पहाटे झोपेतच गेले.

तिसऱ्या दिवशी रागिणी दर्यापूरच्या घरामागच्या लॅबमध्ये शिरली. रंगाची नवी बाटली आली की देवमन आधी स्वतःचंच रक्त काचेवर घेऊन पाहत. तशी एक काच रंगवायची राहिली होती. ती तिला बाबांच्या पद्धतीनं, त्याच पाण्यानं रंगवायची होती. लहानपणापासून पाहिलेलं काम. तिनं काचेवर रंग ओतला आणि कॅन शोधत स्वयंपाकघरात आली. कॅन चुलीजवळ आडवी पडली होती. बेबीआत्या चहा गाळत होती.

"आत्या, यातलं पानी?"

"चहात गेलं. मानसं किती आली, पाय ना!"

"अवो, थे लॅबचं होतं!"

अंगणातले कप जागच्या जागी थांबले.

"लॅबचं?" सहदेवकाका ओरडले. "मी तं दोन कप पेलो!"

"काका, साधं पानी हाय."

पण काकांना चक्कर आलीच. कोणी पदरानं वारा घालू लागलं, कोणी जीप आणायला धावलं. काचेवर रंग वाळत होता. रागिणी तशीच कोपऱ्यावरच्या मनोजच्या मेडिकलवर गेली.

"डिस्टिल्ड वॉटर हाय का?"

"हाय ना ताई. बाबा हेच नेत."

"मंग माह्यी कॅन?"

"थे चहाची. लॅबमंदी गेलो का पाजत. म्हनत, पोरीच्या घरचं पानी हाय, पाय कसा लागते."

ती परतली तेव्हा काका उठून बसले होते.

"चक्कर गेली. बेबी, अजून अर्धा कप हाय का वं? लय दिवसानं असा चहा पेलो."

काचेवर रंग वाळून नुसता जांभळा डाग उरला होता. रागिणीनं एक कप उचलला, बाबांच्या स्टुलावर बसून घोट घेतला.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "कॅन नसती तरी यायचं होतं ना. मी शनवारचीच वाट पायत होती."