सहा π छेद पाच टँकर

१९८६ साली आमच्या पाणीपुरवठा खात्यात बीजगणित करणारा कॉम्प्युटर आला आणि अंदाजपंचे कारभार कायमचा बंद झाला. सोबत पाणीही बंद झालं, त्याला खातं काय करणार?

खाडीकाठच्या गावातला हिरामण अर्ज घेऊन आला. "सायेब, सुक्रवारी आमचे पोरीची, काशीची हलद हाय. गावची टाकी कोरडी. पानी द्या."

टाकी गोल. मशीन चालवणाऱ्या वैजयंतीबाईंनी मापं मशीनला दिली. उत्तर आलं : दहा हजार लिटरचे टँकर, सहा π छेद पाच. हे मशीन मोठं मानी. π चं चिन्ह तसंच जपतं. स्पष्ट हुकूम दिल्याशिवाय त्याचा आकडा करत नाही.

हिरामणने कागद उलटसुलट केला. "दोन खांब, वर आडवा वासा. सायेब, मांडव तं मी घातलाय. पानी कुठं हाय?"

"साहेब, खेपा किती मारू?" टँकरवाल्या सितारामने विचारलं.

आमचे खातेप्रमुख गुप्तेसाहेब गंभीर झाले. ३.१४ धरलं तर एकोणीस लिटर पाणी कमी. बावीस सप्तमांश धरलं तर पंधरा लिटर जास्त. म्हणजे बादलीभर पाणी सांडणार आणि चौकशी साहेबांची लागणार!

"सर, टाकी भरली की कॉक बंद करायचा," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग हे मशीन काय पूजेला आणलंय? करा आकडा!"

"मशीन विचारतंय, दशांश स्थळं किती?"

"सगळी!"

छपाई सुरू झाली. सोमवारी कागद संपला, बुधवारी शाई. सिताराम टँकरखाली पंचा अंथरून झोपला. मला हिरामणची दया आली हो, पण दयेवर सही कोण करणार?

शुक्रवारी सातशे पाहुणे जमले, हळद दणक्यात लागली. शनिवारी आंघोळीला तांब्याभरही पाणी नाही! काशी आणि तिच्या सात करवल्या तशाच पिवळ्याधमक मांडवात आल्या. नवरदेवाने हार चुकून तिसऱ्या करवलीला घातला. काशीने तो तिच्या गळ्यातून ओढून काढला आणि साहेबांच्या नावाने असा शिमगा केला, की भटजी मंगलाष्टकं विसरले.

वर्षअखेरीस खात्याला प्रशस्तिपत्र मिळालं : वाटपात एका लिटरचीही चूक नाही.

आता वाशीतल्या सगळ्या सोसायट्यांचं पाणी याच मशीनवर घेतोय. हसताय काय? उद्यापासून तुमची टाकी आहे.