उग्र वास येणारे नमुने

शुद्धता निसर्गात सापडत नाही. ती प्रमाणित करावी लागते. भूजल तपासणी कार्यालयाने गेल्या अकरा वर्षांत पेट्रोलपंपांच्या आसपासच्या नऊशे बारा विहिरी तपासल्या आणि त्यांतली एकही दूषित निघाली नाही. (एक निघाली होती. ती बुजवली.)

या यशाचं श्रेय प्रयोगशाळेच्या दारावरच्या पाटीला जातं: 'उग्र वास येणारे नमुने स्वीकारले जाणार नाहीत.' नियम योग्यच होता. प्रयोगशाळेत टेबल एकच, चहाची शेगडीही त्यावरच. एका नमुन्याने शेगडीशी जरा जास्तच सलगी केली, तेव्हा मुख्य रसायनज्ञांची डावी भुवई गेली. पाटी दुसऱ्याच दिवशी आली. भुवई अजून आलेली नाही.

म्हणून तपासनीस नमुन्याच्या बाटल्यांची टोपणं काढून त्या खिडकीत उन्हाला ठेवत. तीन दिवसांत वास जाई, चौथ्या दिवशी नमुना स्वीकारला जाई, पाचव्या दिवशी विहीर निर्दोष. बाटली काठोकाठ भरून, गच्च बंद करून बर्फात ठेवावी, असं पुस्तकात होतं. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या दोन्ही भुवया शाबूत असाव्यात.

सगळं सुरळीत चाललेलं असताना तपासनिसांच्या सख्ख्या आत्याची विहीर यादीत आली. पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या तिच्या परसाच्या भिंतीला खेटून होत्या. आत्याला नळ हवा होता, आणि नळासाठी विहीर दूषित असल्याचा दाखला लागत होता.

"अंघोळ करून चुलीजवळ जायची भीती वाटते रे मला," आत्या म्हणाली.

"आत्या, भीती मोजायचं यंत्र नाही आमच्याकडे."

तरी रक्ताचं नातं. त्यांनी परसात चार ठिकाणी भोकं पाडून माती काढली. (शेरा: माती स्निग्ध. गांडुळे स्थलांतरित. डास नाहीत, हा अतिरिक्त लाभ.) पाण्याची बाटली तर आयुष्यात पहिल्यांदाच गच्च बंद करून, बर्फात घालून नेली.

"वास येतोय," मुख्य रसायनज्ञ दारातूनच म्हणाले.

"म्हणूनच आणलाय, सर."

"मग गेला की आणा."

बाटली खिडकीत गेली. पाचव्या दिवशी विहीर निर्दोष ठरली आणि नळाचा अर्ज नामंजूर झाला.

"लहानपणी याच विहिरीचं पाणी पाजलं तुला," आत्या म्हणाली, "त्याचे चांगले पांग फेडलेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरलेली कळशी घेऊन कार्यालयात हजर. निर्दोष विहिरीचा दाखला टेबलावर ठेवला, शेगडी कळशीपासून लांब नेली आणि कार्यालयप्रमुख साहेबांपासून रसायनज्ञांपर्यंत सगळ्यांसाठी चहा केला. कपांवर इंद्रधनुष्य तरंगत होतं.

"घ्या ना. निर्दोष आहे."

कोणी हलेना. चहा नाकारावा तर दाखला खोटा, आणि एक दाखला खोटा तर उरलेल्यांचं काय? प्यावा तर प्यावा लागतो. मुख्य रसायनज्ञांनी उजव्या भुवईवर हात ठेवला. शेवटी चहाची सर्वांनी एकमुखाने स्तुती केली, प्यायला कोणीच नाही.

"मावशींचं वय पाहता," साहेब घसा साफ करत म्हणाले, "नळ विशेष बाब म्हणून द्यायला हरकत नाही."

मंजुरी अकरा मिनिटांत झाली. (कार्यालयाचा विक्रम.) तपासनिसांनी सुटकेचा श्वास घेतला, तोही खिडकीपासून दूर जाऊन.

आता प्रश्न उरला विहिरीचा. कागदोपत्री शुद्ध, आणि वापराविना पडून! शुद्ध पाणी वाया घालवणं कोणत्याच नियमात बसत नाही. तेव्हा तिला मोटर बसवून ती गावाच्या मोठ्या टाकीला जोडण्यात आली. (आत्याचा नळ साहेबांच्या बंगल्याच्या वेगळ्या वाहिनीवर आहे. अर्जात तिने तशी अटच घातली होती.)

गेल्या आठवड्यापासून तुमच्या नळाला पाणी जोरात येतंय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. काही शंका असेल तर बाटली भरून आणा. खिडकीत जागा आहे.