मला फक्त वंगण आणायला पाठवलं होतं

मला फक्त वंगण आणायला पाठवलं होतं. आर्डिसने, म्हणजे माझ्या बायकोने, कागदावर लिहूनही दिलं होतं: डबीतलं, मेणासारखं, लोकरीच्या चरबीचं. पण चौतीस वर्षं बातमीदारी करत मोन्टानातल्या दोन शेरीफांशी आणि पाच महापौरांशी भांडलेला माणूस एका चिठ्ठीवर विश्वास ठेवील काय? दुसरा साक्षीदार नको?

प्रकरण तसं नाजूक होतं. अकरा वर्षं सोडतीत अर्ज टाकल्यावर आर्डिसला यंदा एल्कच्या, म्हणजे इथल्या थोराड सांबराच्या, शिकारीचा परवाना लागला होता. शनिवारी हंगाम उघडणार. रायफल तिच्या वडिलांची, आणि तिची काडतुसं दुकानात मिळेनाशी होऊन जमाना लोटला. म्हणून बाई झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून ठेवते आणि गॅरेजमध्ये पुन्हा भरते. झाडताना नळकांडं फुगतं. ते पोलादी साच्यात दाबून मापावर आणायचं, आणि त्याआधी बोटाने वंगण लावायचं. कमी लावलं तर ते साच्यात अडकतं, जास्त लावलं तर पोचा येतो. आर्डिसचं कधी अडकलं नाही, कधी पोचा आला नाही. वर ती हे काम रेडिओवर गव्हाचे भाव ऐकत करते. (मी दाढी करतानाही रेडिओ बंद ठेवतो.)

दुकानात मी तपास सुरू केला. पाच गिऱ्हाइकं होती, मतं सहा निघाली. आमचा शेजारी इंगवाल्ड म्हणाला की त्याचे वडील डुकराची चरबी लावायचे.

"आणि काडतुसं कशी व्हायची?" मी विचारलं.

"उत्तम. फक्त कुत्रा ती चाटत बसायचा."

असल्या अडाणीपणाचा मला संताप येतो. मी सरळ वंगणाच्या फवाऱ्याचा डबा उचलला. त्यावर ठसठशीत छापलं होतं, 'बोटं न माखता, क्षणात!' घरी आलो तर आर्डिस चर्चमध्ये बटाट्याच्या पोळ्या लाटायला गेलेली. म्हटलं, ती यायच्या आत वीस नळकांडी करून ठेवू. बाई थक्क होईल.

फवारलं, पहिलं नळकांडं साच्यात घातलं, दांडा ओढला. आत गेलं. बाहेर येईना. मी पाय टेबलाला लावून जोर केला, तशी नळकांड्याच्या बुडाची कड तुटली, ते आतच राहिलं आणि मी भिंतीशी जाऊन बसलो.

आवाज ऐकून इंगवाल्ड आला. त्याने आत डोकावून, मयतासमोर काढतात तशी टोपीच काढली. मग सांगितलं की हा साचा करणारा कारखाना बुडून वीस वर्षं झाली, आणि गावातला बंदुका दुरुस्त करणारा शिकारीला डोंगरात गेलाय. अकरा वर्षांची सोडत, आणि मी ती एका दुपारी बुडवली होती.

आर्डिस कोपरापर्यंत पिठाने माखलेली आली. तिने साचा पाहिला, मला पाहिलं.

"काय लावलंस?"

मी डबा दिला.

"आणि सुकायला किती वेळ ठेवलंस?"

"सुकायला?"

तिने बोट ठेवलं तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वापरण्यापूर्वी दहा मिनिटे सुकू द्यावे.' (बारीक अक्षरांतून जनतेला लुबाडणाऱ्या कंपन्यांवर मी एकदा सहा भागांची लेखमाला लिहिली होती. बक्षीसही मिळालं होतं.)

मी कंपनीला पत्र लिहायची भाषा सुरू केली.

"लिही ना," ती म्हणाली. "पण आधी तो ड्रिल दे, आणि उजेडातून सरक."

मी महापौरांना राजीनामे लिहिताना पाहिलंय. पण आर्डिसएवढं शांत डोकं कुणाचं पाहिलं नाही. अडकलेल्या नळकांड्याच्या बुडाला तिने भोक पाडलं, त्यात आटे कापले, वर एक जाड कडी ठेवली, तिच्यातून बोल्ट घातला आणि तो पान्याने आवळू लागली. आवळताना ती इंगवाल्डला सांगत होती की यंदाचे बटाटे पाणचट निघालेत. टक् झालं. पितळ बाहेर, साच्यावर ओरखडा नाही. इंगवाल्डने टोपी पुन्हा घातली.

मग तिने तेलाच्या फळीमागून शिल्लक डबी शोधली, तळ खरवडला आणि दोन बोटांनी उरलेली एकोणीसच्या एकोणीस नळकांडी केली. मला तिने रेडिओ लावायला सांगितलं.

शनिवारी तिने एकच गोळी झाडली. घोड्याएवढा एल्क जागच्या जागी कोसळला. मांसाचे चार भाग दरीतून वर आणताना तिने तीन खेपा केल्या आणि मी एक, तीही मध्ये बसत बसत.

वनखात्याच्या तपासणी नाक्यावरच्या माणसाने परवाना बघितला, आमची पिकअप बघितली, मग माझी अवस्था बघितली.

"बाई, यांच्याऐवजी खेचर आणलं असतं तर?"

आर्डिसने यावर खरोखर विचार केला. तेच मला लागलं.

"खेचराला गाडी चालवता येत नाही," ती शेवटी म्हणाली.

(स्टिअरिंगवर तीच होती.)