लसूणघासाच्या गाठी

चिरमाड्यांच्या खोलीत शिरायचं असेल तर आधी जोडे धुवावे लागत. पाय नव्हे, जोडे. दाराशी एक पसरट घमेलं, त्यात पाणी, शेजारी काथ्याचा कुंचा, आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं : 'बाहेरची माती बाहेर.' धुळ्याच्या त्या सरकारी शेती फार्मवर मी कारकून म्हणून रुजू झालो, त्याच दिवशी हजेरीपुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर या गृहस्थाने माझं नाव विचारायच्या आधी म्हटलं, "तळवे वर करा."

मी घाबरून दोन्ही हात पुढे केले.

"हाताचे नाहीत हो. चपलेचे."

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा. पुढे एकदा जिल्ह्यातले कोणी बडे साहेब तपासणीला आले. चिरमाडे दारातच त्यांच्या पायाशी वाकले. साहेबांना वाटलं नमस्कार करतो आहे. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "असू द्या, असू द्या, आता आपलं राज्य आहे." चिरमाडे खालूनच म्हणाले, "डावा बूट जरा उचला." आमचे सुपरिंटेंडेंट तिथेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मला अजून आठवतो.

माणूस दिसायला अगदी साधा. फैजपूरकडचा, उंच, थोडा वाकलेला. वय पस्तिशीचं, पण पाहणारा पन्नाशी धरायचा. लग्न नाही. बोलणं मोजकं, तेही मान खाली घालून. हुद्दा प्रयोगशाळा मदतनीस. आणि प्रयोगशाळा म्हणजे एक पत्र्याची खोली, एक सूक्ष्मदर्शक आणि खिडकीत ओळीने टांगलेली काचेची नरसाळी. नरसाळ्याला खाली रबरी नळी, नळीला चिमटा. वर फडक्यात बांधलेली माती पाण्यात बुडवून ठेवायची. मातीतले डोळ्यांना न दिसणारे किडे वळवळत खाली उतरतात आणि नळीच्या तळाशी जमतात. चिमटा सोडला की थेंबभर पाण्यात शेकडो. सूत्रकृमी हा शब्द त्यांनीच मला शिकवला. फार्मवर सगळे नुसते 'चिरमाड्यांचे किडे' म्हणत. आमचा शिपाई त्यांच्या खोलीतल्या माठाचं पाणी कधी प्यायला नाही. भर मे महिन्यात तहानेने व्याकूळ झाला, तरी नाही.

"मुळं दाखवा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेतकरी पिवळी पडलेली पानं घेऊन आला की, "पानं नकोत, मुळं दाखवा." शिपायाने मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचं कौतुक सांगितलं तेव्हाही, "मुळं पाहिलीत का?" आणि मी कधी "कसं काय, बरं आहे ना?" म्हटलं तर, "वर हिरवं आहे. खालचं कोणी पाहिलंय?" मी हसायचो. ते हसत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. मी डोळा लावला आणि म्हणालो, "केवढा मोठा काळा किडा आहे हो!"

"ती तुमची पापणी आहे, देवरे. डोळा थोडा मागे घ्या."

मागे घेतला तेव्हा दिसली. पांढरी, मोत्यासारखी, मानेकडे निमुळती झालेली मादी. लसूणघासाच्या, म्हणजे गुरांच्या हिरव्या चाऱ्याच्या, मुळात तोंड खुपसून जन्मभर जागची हलत नाही, म्हणाले. ती बसते तिथे मूळ सुजतं, गाठ येते. वर घास पिवळा पडतो, खुरटतो, तिसऱ्या वर्षी शेतात टकलं पडतात. मादीचा शेपटाकडचा भाग ते दाढीच्या पात्याच्या तुकड्याने कापत आणि त्यावरच्या बारीक रेषा वहीत काढून घेत. त्या रेषांवरून कोणत्या जातीचा किडा ते ओळखायचं. मी वही उघडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे तर आपल्या मस्टरवरचे मजुरांचे अंगठे!"

चिरमाड्यांनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "अंगठेच. ज्याचा अंगठा त्याचा गुन्हा." त्या दिवसापासून मला चहा मिळू लागला. जोडे मात्र धुवावेच लागत.

मग एक दिवस दोंडाईच्याकडचा एक शेतकरी आला. खांद्यावर उपटलेल्या लसूणघासाचा भारा.

"भाऊ, मना बठ्ठा घास पिवळा पडी गया. हाऊ काय रोग शे?"

मला वाटलं, आता 'मुळं दाखवा' होणार. पण भाऱ्याला मुळं होतीच. मुळांवर गाठींच्या माळा होत्या. चिरमाड्यांनी एक गाठ नखाने खुडायचा प्रयत्न केला. ती निघेना. मग त्यांनी विचारलं, "फार्मवरून मातीची टोपली आणली होती का तुम्ही?"

"हा. तुम्हीच तं धाडेल व्हती."

तो शेतकरी गेल्यावर चिरमाड्यांनी दार लावून घेतलं. पुढचे तीन महिने ते शेपटांचे ठसे काढत होते. सुट्टी नाही, दुपारचं जेवण नाही. फार्मच्या जुन्या घासपट्टीतली मादी, दोंडाईच्याकडची मादी, आणखी सहा गावांमधली मादी. वहीची पानंच्या पानं रेषांनी भरली. शेवटी त्यांनी मला बोलावलं आणि दोन पानं समोर ठेवली.

"तुम्हाला अंगठ्यांची सवय आहे. सांगा, हे दोन वेगळे आहेत की एकच?"

मला त्यातलं काय कळणार? पण ते एकच होते. शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. लसूणघासाच्या मुळांवर चांगल्याही गाठी असतात. त्यांत जमिनीला बळ देणारे जिवाणू राहतात. नव्या शेतात घास लावायचा तर जुन्या शेतातली अशा गाठींची माती नेऊन पसरायची, असा सरकारी सल्ला होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी त्यांना विचारलं होतं की कोणत्या पट्टीत गाठी जास्त आहेत. त्यांनी रोपं उपटली, गाठी पाहिल्या, आणि मोठ्या हौसेने दाखला लिहिला : 'गाठी भरपूर. माती उत्तम.' त्या मातीच्या आठ टोपल्या आठ गावांना गेल्या.

"चांगली गाठ मुळाच्या कडेला नुसती चिकटलेली असते," ते म्हणाले. "बोटाने निघते. चिरडली तर आतून गुलाबी. ही गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं. निघत नाही. पुढे पुण्याला सहा महिन्यांच्या शिक्षणाला गेलो तेव्हा हा फरक कळला, देवरे. तिथे वर्गात सगळे लिहून घेत होते. माझा हातच चालेना."

घमेलं आणि कुंचा कुठून आले होते, ते मला त्या दिवशी कळलं.

अहवाल मीच टाइप केला. शेवटी एक वाक्य होतं : 'सदर मातीचा दाखला खाली सही करणाऱ्यानेच दिला होता.' मी म्हटलं, "हे वाक्य गाळू या ना." ते म्हणाले, "तेवढंच ठेवा, बाकीचं गाळलं तरी चालेल."

सुपरिंटेंडेंट साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"चिरमाडे, घासाला पाणी कमी पडलं असं लिहा की."

"पाणी कमी पडलं नव्हतं, साहेब."

"मग जास्त पडलं लिहा."

"तसंही नाही, साहेब."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, इतकंच. त्यांनी अहवाल खणात ठेवून किल्ली फिरवली. माती वाटणं गुपचूप बंद झालं, जुनी घासपट्टी नांगरली गेली, आणि चिरमाड्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. ना मेमो, ना बदली. त्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग एकदा मला म्हणाले, "साधी ताकीदसुद्धा नाही हो." इतक्या केविलवाण्या आवाजात, की बढती चुकलेला माणूसही तसं बोलत नाही.

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. दर रविवारी सायकल काढायची आणि एकेक गाव गाठायचं. लांबच्या गावाला सायकल मोटारीच्या टपावर टाकायची. शेतकऱ्यासमोर उभं राहून सांगायचं, 'चूक माझी आहे.' मग उपाय : वैशाखात जमीन खोल नांगरून उन्हात तापू द्या, दोन वर्षं घास लावू नका, बाजरी घ्या. लोक ऐकून घेत. एका म्हाताऱ्याने तर त्यांनाच गुळाचा चहा पाजला. "आम्ले काय समजतं, भाऊ! इतला दूर हे सांगाले उनात?" चिरमाड्यांनी मला त्या चहाबद्दल सांगितलं. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाले.

अशी सात गावं झाली. आठवं राहिलं. महिना गेला, दोन गेले. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आठवी टोपली मी स्वतः नेली होती. अक्काकडे."

अक्का त्यांची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली; हिनेच त्यांना वाढवलं, फैजपूरच्या शाळेत घातलं. तिचं लग्न जवळच्याच गावात झालं. नवरा गेला तेव्हा तिच्यापाशी दोन म्हशी, थोडी केळी आणि घासाचा एक तुकडा राहिला. नव्या नोकरीतला भाऊ अभिमानाने सरकारी माती घेऊन गेला होता. नंतर पुण्याहून आल्यापासून चार वर्षं तो तिकडे फिरकला नव्हता. तिची पत्रं येत. घास जळाला, म्हशी विकल्या, लगतची केळी पोसत नाहीत. तो उत्तर लिहायचा : 'काळजी घे. रजा मिळत नाही.' त्यांच्या रजेचे हिशेब माझ्याकडेच असत. एकही दिवस खर्ची पडलेला नव्हता.

"तुम्ही सोबत चला," ते म्हणाले. "एकट्याने माझ्याच्याने बोलवणार नाही."

मे महिन्यात आम्ही निघालो. चाळीसगाव, भुसावळ अशा गाड्या बदलत सावद्याला उतरलो आणि पुढे बैलगाडीने. अक्का ओट्यावर डाळ निवडत होत्या. लहानखुऱ्या, पांढरं कपाळ. भावाला पाहून उठल्या, तोंडावरून हात फिरवला, आणि लगेच चुलीकडे वळल्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. चिरमाड्यांनी ताटाला हात लावला नाही.

"अक्का, आधी ऐक. तुझा घास मी मारला."

आणि मग मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. टोपली, दाखला, किडे, ठसे. खिशातून गाठींचं वाळलेलं मूळ काढून तिच्यापुढे ठेवलं. अक्का मुळाकडे पाहत राहिल्या. चुलीवरचा तवा तापून धुरकटला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी मनात म्हणत होतो, आता ही रडेल किंवा याला घराबाहेर काढील.

त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे माह्या हातानं नही झालं?"

चिरमाड्यांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. हळूहळू अक्कांनीच सांगितलं. घास जळाला तेव्हा शेजारच्या सुभद्राकाकू बोलल्या होत्या, नवऱ्यामागे हिचा हातच जळका झाला, लागेल तिथं पीक जळतं. पुढे केळी खुरटली तेव्हा सगळ्या आळीला ते पटलं, आणि अक्कांनाही. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या हाताने बी टाकलं नव्हतं. पेरायला मजूरबाई. दारातली तुळस वाळली, दुसरी लावली नाही. शेजारच्या सुनेला मूल झालं. दीड वर्षाचं होत आलं होतं, त्यांनी एकदाही उचललं नव्हतं.

"मले वाटे, तू बी म्हणूनच येत नही," त्या म्हणाल्या. "चांगल्या नोकरीचा मानूस. म्हटलं, माह्या हातचं खाऊन तुले काही होऊ नही."

चिरमाडे उठले. अनवाणीच शेजारच्या ओट्यावर गेले. जो माणूस साहेबासमोर दोन वाक्यं धड बोलत नसे, तो सुभद्राकाकूंच्या दारात उभा राहून मोठ्याने बोलू लागला. आळीतली चार माणसं जमली. किडा, माती, मूळ, दाखला, आणि पुन्हा पुन्हा एकच, "हात माझा होता. तिचा नाही." काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू शिकेल मानूस. तू म्हणतो तं असंन बाप्पा." पटलं होतं की नाही, सांगता येणार नाही. माणसाच्या बोलण्यातला किडा कोणत्या काचेखाली दिसतो?

परत येऊन ते भिंतीला टेकून बसले. "देवरे," म्हणाले, "किड्याने नुसती मुळं खाल्ली. बाकीचं मी खाल्लं. चार वर्षं. एक पत्र टाकलं असतं तरी…"

अक्कांनी नवी भाकरी थापली, ताटात वाढली, आणि चार वर्षांच्या भीतीचा हात थोडा अडखळत भावाच्या पाठीवर ठेवला. ते जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच निघालो. रजेचा अर्ज त्यांनी माझ्याजवळ दिला होता, महिन्याभराचा. गाडी शेताच्या कडेने चालली होती. घासाच्या त्या तुकड्यात चिरमाडे कुदळीने माती खालपासून वर काढत होते, उन्हात तापायला. मागोमाग अक्का होत्या. ढेकळं फोडायची लाकडी मोगरी बांधाला टेकवून ठेवलेली होती. अक्का खाली बसून एकेक ढेकूळ उचलत होत्या आणि दोन्ही हातांनी फोडत होत्या.