बैठकीची लाईन

विजेच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये. शाळेच्या कार्यालयातला पंखा बंद पडला की शिपाई आधी मला हाक मारतो, वायरमनला नंतर. मी स्टुलावर चढतो, छत्रीच्या दांड्याने पंख्याला एक ढुशी देतो आणि पंखा फिरायला लागतो! जळगाव जामोदात राहून ज्याला एवढंही जमत नाही त्याने खुशाल चिमणी लावून बसावं, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतो, कारण मध्ये अपेक्षाची मुलाखत झाली.

अपेक्षा माझी मुलगी. पुण्याच्या एका कंपनीने तिला संगणकाच्या नोकरीसाठी सोमवारी अकरा वाजता मुलाखतीला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे घरीच लॅपटॉपसमोर बसवलं होतं. याआधीच्या मुलाखतीत साहेबांनी तिला विचारलं, “तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?” आणि नेमकी त्याच क्षणाला लाईट गेली. साहेबांनी थोडी वाट पाहिली आणि दुसरी मुलगी घेतली. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. ही मुलाखतही अशीच गेली तर आता अर्ज करणार नाही, गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेईन, असं तिने आईला सांगून टाकलं होतं. मला फार लागलं ते. मी जाहीर केलं, या वेळी लाईटची जबाबदारी माझी!

आता आमच्या घराबद्दल सांगतो. घर बाबांनी बांधलेलं, वायरिंगही तेव्हाचंच, लाकडी पट्टीतलं. वायरी मुळात लाल होत्या की काळ्या, हे आता त्यांनाही आठवत नसेल. बेलचं बटण दाबलं की देवघरातला दिवा लागतो. पाहुणे बेल दाबून दमतात आणि देवाला फुकटचा उजेड मिळतो. त्यात व्होल्टेजचा लहरी कारभार. कधी ट्यूबलाईट नुसते डोळे मिचकावते, तर कधी पंखा छत घेऊन उडेल अशी भीती वाटते. या लहरीने आमचा एक टीव्ही आणि दोन मिक्सर खाल्ले, शिवाय अपेक्षाच्या लॅपटॉपची बॅटरीही. तो आता वायर लावली तरच चालतो.

बाबा गेल्यावर घराची वाटणी झाली. मध्ये भिंत आली. एक बाजू मला, दुसरी धाकट्या भावाला, गोपालला. पितळी भांडी वाटली, पाटा एकाला आणि वरवंटा दुसऱ्याला गेला, देवसुद्धा वाटले. भिंत चार बोटं माझ्याकडे सरकली असं मी म्हणतो, आणि ती त्याच्याकडे सरकली असं तो म्हणतो. तेव्हापासून आमचा अबोला आहे. भांडण वगैरे काही नाही. निरोप बायकांमार्फत जातात आणि जाताना बरेच गोड होतात.

तर मी इन्व्हर्टर आणला, नवी कोरी बॅटरी आणली आणि शेषराव वायरमनला बोलावलं. बाबांच्या काळापासून आमच्या घरातलं विजेचं काम तोच करतो.

“आख्खं घर नको,” मी सांगितलं. “फक्त बैठकीची लाईन इन्व्हर्टरवर घे. पोरगी तिथंच बसणार हाये.”

“बैठकीची न? डोळे झाकून सापडते ते मले. तुमच्या बाबाच्या टायमाले मीच टाकेल आहे.”

तासाभरात काम झालं. इन्व्हर्टर ओसरीत बसला, त्याचा हिरवा दिवा लागला. माझी बायको शकुंतला म्हणाली, एकदा मेन बंद करून पाहा तरी. मी म्हणालो, हिरवा दिवा लागला यापेक्षा आणखी काय पाहायचं असतं? शेषरावलाही एका लग्नाच्या मांडवात लाईटिंग करायची घाई होती. तो गेला आणि मी इन्व्हर्टरला हळदीकुंकू वाहिलं.

सोमवार उजाडला. अपेक्षा बैठकीत लॅपटॉप लावून बसली. शकुंतलाने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. अकराला थोडा वेळ होता, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून आवाज आला, धाड!

“डीपी गेली,” शकुंतला म्हणाली.

डीपी म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडे पोर आधी आई म्हणायला शिकतं आणि मग डीपी. घरात अंधार झाला, पण मी हसलो. ओसरीत इन्व्हर्टरने टिक् केलं आणि तो इमानदारीत घुमायला लागला. फक्त बैठकीतला पंखा हळू झाला, थांबला, आणि लॅपटॉपने डोळे मिटले.

मी बटणं खालीवर केली. पंख्याला छत्रीने ढुशीही दिली. इन्व्हर्टर घुमतोय, बॅटरी उतरतेय, आणि बैठकीत ठार अंधार! मोबाईलवर मुलाखत द्यावी तर लाईट गेली की आमच्या टॉवरचंही अवसान गळतं. निरोप जातो, चेहरा जात नाही. अपेक्षा घरातली एकेक प्लगपिन तपासत पळत होती. मी विचार केला, तोवर पुण्याला कळवून ठेवू. तिचा फोन घेतला आणि मुलाखत घेणाऱ्या समीक्षा मॅडमना लिहिलं, “मॅडम, ऐन वेळी डीपी जळाली. थोडा वेळ द्या.”

लगेच उत्तर आलं. “हरकत नाही. डीपी नसली तरी चालेल.”

मला पुण्याचं कौतुक वाटलं. डीपीशिवाय चालतं म्हणजे केवढी प्रगती! मी लिहिलं, “आमच्याकडे नाही चालत. सगळ्या गल्लीत मिळून एकच डीपी आहे.”

मॅडमचा प्रश्न आला, “सगळ्यांनी एकच का ठेवली आहे?”

“वेगळी मागितली होती, मंजूर होत नाही. ही फार जुनी आहे. तेल गळतं. मध्ये तिच्यावर माकड बसलं, तेव्हापासून जास्तच बिघडली.”

यावर मॅडमनी नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. तेवढ्यात अपेक्षाने फोन ओढून घेतला, वाचलं आणि मटकन खाली बसली.

“बाबा, हे काय लिहून राह्यले तुम्ही माह्या नावानं? तिकडं डीपी म्हंजे फोनवरचा फोटो असते. आता त्या मॅडमले वाटन, मी सगळ्या गल्लीचा मिळून एक फोटो लावते, अन् त्यात माकड हाये.”

तिचे डोळे भरून आले. पोरीची नोकरी मी आपल्या हाताने घालवली होती. आणि नेमका भिंतीपलीकडून आवाज आला. बातम्यांचा! गल्लीत कुणाकडे लाईट नव्हती आणि गोपालकडे टीव्ही चालू होता.

शकुंतलाने भिंतीला कान लावला. मग माझ्याकडे वळली. “तुम्ही शेषरावले काय म्हणलं होतं? बैठक?”

“हाव.”

“आपली बैठक म्हंजे मामंजीच्या टायमाची धान्याची खोली हो. तेव्हाची बैठक पलीकडं गेली, गोपालभाऊजीच्या वाटणीत.”

मी इन्व्हर्टरकडे पाहिलं. आम्ही भांडी वाटली, देव वाटले, पण भिंतीतल्या वायरी वाटायच्या राहून गेल्या होत्या. माझा इन्व्हर्टर भावाला बातम्या दाखवत होता! मी रागाने पकड शोधायला लागलो, लाईनच तोडतो म्हणालो. पण अपेक्षाने तोवर लॅपटॉप आणि वायर काखेत मारली होती आणि ती काकाच्या दारात पोचलीसुद्धा होती. मग मीही गेलो. वाटणीनंतर पहिल्यांदा मी त्या उंबऱ्यावर उभा होतो. गोपाल बनियनवर बसला होता, तो उठूनच उभा राहिला.

“ये दादा,” तो म्हणाला. पोरीचा चेहरा पाहून त्याने टीव्ही बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि आपला वायफाय लावून दिला. अकरा वाजत होते.

“तुह्याकडं लाईट कशी बे?” मी विचारलं.

त्याने भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला हात जोडले. “बाबाची कृपा हाये, दादा. माह्या घरातला फ्यूज उडाला तरी ह्या खोलीतली लाईट जात नाही. म्हणून तर फोटो इथं लावेल आहे. रोज हार घालतो.”

म्हणजे इतकी वर्षं हा पंखा माझ्या मीटरवर फिरत होता! ओठांवर आलं होतं. पण अपेक्षा लॅपटॉप उघडत होती. मी म्हणालो, हो बुवा, बाबाचीच कृपा. नंतर ओसरीत येऊन इन्व्हर्टरपाशी राखणीला बसलो.

मुलाखत सुरू झाली. अपेक्षाने डीपीचा खुलासा केला तेव्हा पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ राहिला नाही. गोपालच्या बायकोने, अनुपमाने, त्याच लाईनवर चटणीसाठी मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर केकाटायला लागला. भावजयीशी मी कधी मोठ्याने बोललेलो नाही. पण भिंतीवरून असा ओरडलो की मिक्सरच काय, गल्लीतली कुत्रीही गप्प झाली.

“हे कोण ओरडलं?” पुण्याच्या मॅडमनी विचारलं म्हणे.

“आमचा पॉवर बॅकअप,” अपेक्षाने सांगितलं.

आणि पोरीला नोकरी लागली! निवडीचा फोन आला तेव्हा पेढे गोपालने आणले. शकुंतला आणि अनुपमा पुण्याला न्यायच्या चटण्या कुटायला एकत्र बसल्या. मी खोलीच्या भाड्याची चौकशी केली, बसचं तिकीटही पाहून ठेवलं. अशात मॅडमचा पुन्हा फोन आला. पुण्याला यायची गरज नाही, कायम घरूनच काम करायचं आहे. फक्त एक खात्री हवी, तुमच्याकडे दिवसभर वीज असते ना?

अपेक्षाने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळेच पाहायला लागले. मी घसा साफ केला.

“मले काय पाह्यतं?” मी म्हणालो. “काकाले विचार. लाईट त्याच्याकडं असते.”